ओकाच्या बाकड्याचा रंग

ज्या वर्षांत वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षांत आमच्या अमरावतीला अचानक बसायला शिकायचं होतं. त्याआधी लोक बसत नव्हते असं नाही. जमिनीवर, ओट्यावर, घोंगडीवर, गाडीच्या जुवावर चांगले ऐसपैस बसत. पण समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखात भाऊभाऊ एकमेकांच्या उरावर बसले, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, विलायतेची नजर आमच्या काळ्या मातीवर पडली, आणि जो तो आमच्या दुकानी येऊन म्हणू लागला, "खुर्ची पायजे." एक पाटील चार खुर्च्या घेऊन गेले आणि आठ दिवसांनी चारही परत घेऊन आले. म्हणाले, "रुंद करून द्या. मांडी मावत नाई."

आम्ही सुतार. गिऱ्हाइकाच्या मांडीचं माप घ्यायची लाज वाटून कसं चालेल? मांडी मावेल अशा खुर्च्या केल्या. पाटील त्यांवर मांडी घालून बसले आणि साहेबासारखं वाटतं म्हणाले.

दुकानाचं नाव होतं ते माझ्या वडिलांमुळे. मोर्शीकडून कोणी जुन्या देव्हाऱ्याचं मोडकं दार आणावं, वडिलांनी नवं करून त्यावर असा रंग चढवावा की आतल्या देवालाही नवं दार कोणतं ते कळू नये. आणि दैवाची चेष्टा अशी की हे नाव चांदूर बाजारापर्यंत पोचलं, त्याच सुमाराला वडिलांना दिसेनासं झालं. मोतीबिंदू. आधी धुकं, मग पडदा, मग फक्त उजेड आहे की नाही एवढंच.

त्यांनी हे आई आणि मी सोडून कोणाला कळू दिलं नाही. "ज्या दिवशी गावाले समजन," ते मला म्हणाले, "त्या दिवसापासून मी सुतार नाई. मंग मी घरातला म्हातारा. खाटेवर बसून तंबाखू मळनारा." माझे वडील रागावून बोलत तेव्हा मी घाबरत नसे. हे त्यांनी हळू सांगितलं, म्हणून घाबरलो.

तेव्हापासून आमच्या घरात एकच उद्योग होता, वडिलांचे डोळे शाबूत आहेत असं दाखवण्याचा. दुकानात प्रत्येक हत्याराची जागा ठरलेली, ती इंचभर हलली तर आईसुद्धा ओरडे. रस्त्यानं जाताना वडिलांचा हात माझ्या खांद्यावर. लोक म्हणत, काय माया आहे बापलेकांची! मी मान खाली घालून ते कौतुक पचवत असे.

राहिला रंग. तो हातानं चाचपता येत नाही. म्हणून मी सागवानाच्या वीतभर पट्ट्या केल्या, एकेकीवर एकेक रंग चढवला, भोक पाडून सुतळीत ओवल्या आणि मागे शाईनं लिहून ठेवलं: काय लावलं, किती हात दिले, कोणत्या तेलात. पंतोजींकडे मी बाळबोध शिकलो होतो आणि सुताराच्या पोराला लिहिता येतं याचा मला जो गर्व होता तो कोणाला परवडण्यासारखा नव्हता. रंगांना नावंही मीच दिली. 'गूळ, नवा'. 'गूळ, जुना'. 'भाकरी, शेकलेली'. 'भाकरी, विसरलेली'. गिऱ्हाइकाच्या वस्तूशी मी पट्टी लावून बघायची आणि वडिलांच्या कानात नाव सांगायचं. मग वडिलांनी वस्तूकडे रोखून बघत, म्हणजे वस्तू होती तिच्या जरा डावीकडे रोखून बघत, मोठ्यानं म्हणायचं, "हं. समजलं."

तीन वर्षं असं चाललं. मग अकोल्याच्या साहेबाचं बोलावणं आलं.

हा साहेब रुईची खरेदी करी. त्याच्याकडे एक टेबल होतं, विलायतेहून गलबतात आणि मुंबईहून बैलगाडीत आलेलं. ते त्याच्या बापानं घरी, स्वतःच्या हातानं केलं होतं. बाप सुतार नव्हे, चांगला खाऊनपिऊन सुखी. विलायतेत म्हणे ज्याला पोटासाठी रंधा मारावा लागत नाही तो हौसेनं मारतो. म्हाताऱ्यानं त्याच झाडाच्या सहा फळ्याही पाठवल्या होत्या, की याचं एक बाकडं करून घे, मला आता होत नाही. साहेबाला ते बाकडं असं हवं होतं की बापानंच टेबलाबरोबर केलंसं दिसावं. अमरावतीच्या एका म्हाताऱ्याची नजर फार बारीक आहे, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं.

गाडीनं तीन दिवसांनी आम्ही अकोल्याला पोचलो. साहेबाचा खानसामा आम्हाला आत घेऊन गेला. त्यानं टेबलावर हात ठेवून मोठ्या अदबीनं सांगितलं, "ये ओक है."

वडील दचकले. "काहून ओकू? मले काई झालं नाई."

मी त्यांना सांगितलं, की ओक हे त्या झाडाचं नाव. ते म्हणाले, "असं नाव ठेवनारा मानूस पोटाचा रोगी असन." साहेबानं विचारलं, हे काय म्हणतात? खानसामा म्हणाला, "हुज़ूर, लकड़ी की बहुत तारीफ़ कर रहा है." त्या खानसाम्याइतका चांगला दुभाषी मी पुढे पाहिला नाही.

टेबलाचा एक पाय आखूड होता, खाली कागदाची घडी घातलेली. वडिलांनी सांध्यांवरून बोटं फिरवली आणि मला म्हणाले, "सांधा ढिला हाय. पन मन लावून केला हाय." मग त्यांनी एका फळीचा छिलका काढून तोंडात टाकला आणि चावला. साहेब बघत राहिला. वडील म्हणाले, "तुरट हाय. बाभळीची साल चावल्यासारखं. याले लोखंड लावू नको." पुढे त्यांनी जे केलं त्यानं माझे कान तापले. ते गुडघ्यांवर बसले, टेबलाखाली डोकं घातलं आणि कुत्र्यानं घ्यावा तसा टेबलाच्या फळीचा खालून वास घेतला. बाहेर येऊन म्हणाले, "याले तबेल्याचा वास येऊन राह्यला."

खानसाम्यानं याचंही भाषांतर केलं. तारीफच निघाली.

मी मात्र चार लोकांत शोभेल असं काम करत होतो. टेबलाशी एकेक पट्टी लावत होतो. रंग नेमका सातवी आणि आठवी यांच्या मधला निघाला, आठवीकडे झुकलेला. तसं मी लिहून घेतलं. काम अकोल्यालाच करा, असं साहेब म्हणाला होता. पण परक्या जागी वडिलांना रंधा कुठे आणि किकरं कुठे हे कसं कळणार? आमचं हत्यार इकडच्या हवेला बसत नाही, असं मी ठोकून दिलं. साहेबाला पटलं. इकडच्या हवेबद्दल साहेब लोकांना काहीही पटत असे.

अमरावतीला येऊन वडिलांनी बाकडं केलं. मापं घेऊन मी कापलं, सांधे सगळे त्यांचे. एक पाय त्यांनी मुद्दाम सुताभर आखूड ठेवला. मी विचारलं, काहून? म्हणाले, "जोडीचं पायजे ना त्याले?"

मग रंग. त्याचा मुखत्यार मी. सातवी आणि आठवी दोन्ही पट्ट्यांच्या मागे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ताकात मुरवलेलं गंजाचं पाणी, दोन हात. सागवानावर त्यानं सुरेख भुरा रंग येतो. वडिलांनी लोखंड लावू नको म्हटलं होतं ते माझ्या लक्षात होतं. पण एकीकडे माझा लेखी पुरावा आणि दुसरीकडे एका आंधळ्या माणसानं छिलका चावून काढलेलं अनुमान. शिकलेला माणूस कोणाचं ऐकेल? मी एक हात मारला.

बाकडं काळं झालं. भुरं नव्हे, काळं. निळसर काळं, दौत सांडल्यासारखं. मी बघत उभा राहिलो. आई पाणी घेऊन बाहेर आली, तिनं पाहिलं आणि म्हणाली, "नावच ओक. मंग आखीन कसं दिसन?"

वडील रागावले नाहीत. बाकड्यापाशी येऊन त्यांनी बोट ओलं केलं, चाखलं आणि मला विचारलं, "शाई कायची बनवतं तू?"

"हिरड्याची."

"हिरडा लागते कसा?"

"तुरट."

"अन् त्यात टाकतं काय?"

शाईत लोखंडाचा गंज टाकतात. तुरट रस आणि लोखंड भेटलं की काळं होतं, हे मी दर महिन्याला स्वतःच्या हातानं करत होतो. त्याच शाईनं मी पट्ट्यांच्या मागे माझं ज्ञान लिहून ठेवलं होतं. शाईनं लिहिणाऱ्याला शाई कळली नाही आणि ज्यानं अक्षर कधी गिरवलं नाही त्याला कळली.

दोन दिवस रंधा मारून मी ते काळं उतरवलं. बाकडं जरा बारीक झालं, मीही झालो. मग वडील म्हणाले, "आता गोठ्यात ठेव."

मला वाटलं, लपवायला सांगताहेत. म्हटलं, ठीक आहे, तोंड लपवायला मलाही जागा मिळेल. ते म्हणाले, "लपवाले नाई, बैला. खुंटा पाह्य." गोठ्यातला बैल बांधायचा खुंटा बाभळीचा होता आणि गर्द तपकिरी झालेला. त्याच लाकडाचा दुसरा खुंटा अंगणात होता, तो नुसता राखाडी. दोन्ही मीच एकाच दिवशी ठोकले होते आणि दोन्हींना रोज बैल बांधत होतो. मी कधी नीट पाहिलं नव्हतं; वडिलांनी दिसत होतं तेव्हाच पाहून ठेवलं होतं. तुरट लाकडाला गोठ्याची वाफ लागली की ते असं होतं, आणि साहेबाच्या टेबलाला तबेल्याचा वास येत होता. वडिलांचं गणित एवढंच.

गोठ्याच्या दाराला तट्टे बांधले. बाकड्याखाली शिळ्या गोमूत्राची दोन मडकी ठेवली आणि वरून घोंगड्या टाकल्या. बाकड्याजवळ त्याच लाकडाच्या चार कपच्या ठेवल्या. वडील रोज सकाळी आत जात, कपचीचा वास घेत, थोडीशी चावत आणि म्हणत, "अजून नाई." आईला हे बघवत नसे. पण गोमूत्र पवित्र, तेव्हा बोलायची सोय नव्हती. अकराव्या दिवशी ते कपची चावून म्हणाले, "तुरटपना गेला. टेबलाखाली होता तोच वास हाय. काढ."

घोंगड्या काढून मी बाकडं उन्हात आणलं. मग पट्ट्या आणल्या. सातवी आणि आठवी यांच्या मधला, आठवीकडे झुकलेला. मी जवसाचं तेल आणि वरून मेळघाटातलं मेण घासलं आणि घासता घासता मला रडू आलं. आनंदाचं असावं. वडील म्हणाले, "काहून सुंसुं करून राह्यला? वास लागला का?"

पुन्हा तीन दिवस गाडी, पुन्हा अकोला. साहेबानं बाकडं टेबलाशेजारी ठेवून घेतलं, लांबून बघितलं, जवळून बघितलं, नोकरांना बोलावून विचारलं, की नवं कोणतं. दोघा नोकरांनी टेबलाकडे बोट दाखवलं. बाकडं जरा डुगडुगलं तेव्हा साहेबानं वाकून आखूड पाय पाहिला. मग त्यानं वडिलांचे दोन्ही हात हातात घेतले आणि मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "ऐसा आँख हम कभी नहीं देखा."

ज्या डोळ्यांची तारीफ चालली होती ते त्या वेळी कपाटाकडे वळलेले होते. मी वडिलांचा खांदा हळूच फिरवला.

मग साहेबानं मागणी केली. रंग कसा जुळवला हे सगळं लिहून द्या. एक प्रत बाकड्याखाली चिकटवतो, एक विलायतेला बापाकडे पाठवतो. त्याचा कारकून भाषांतर करणार होता. मला कागद मिळाला, दौत मिळाली, आणि लिहायला मिळालं की मी शहाणा होतो. साहेब या बाकड्यावर बसून जेवणार, तिथे मडकी आणि गोमूत्र कसं लिहायचं? 'देशी वनस्पतींच्या वाफेचा प्रयोग' असं लिहिलं. आणि नाक लिहिलं, तर डोळ्यांना काय झालं असं कोणीतरी विचारणार. म्हणून शेवटी सुबक अक्षरात लिहिलं: 'रंग वडिलांनी डोळ्यांनी पारखून जुळवला.'

कागद साहेबाच्या हाती गेल्यावर तो हसून काहीतरी बोलला. खानसाम्यानं सांगितलं, साहेब म्हणतात, त्यांच्या वडिलांनी टेबलाला रंग दिलाच नव्हता, फक्त तेल. घोड्यांच्या तबेल्यात एका कोपऱ्यात बसून ते काम करत. दोन हिवाळे टेबल तिथेच पडून होतं आणि आपोआप तसं झालं. ते सगळ्यांना विचारत, असं कसं झालं असेल? त्यांना आजतागायत कोणी सांगितलं नाही.

म्हणजे विलायतेत एक म्हातारा तबेल्याचं कोडं घालून बसला होता आणि त्याचं उत्तर माझ्या शेजारी, माझ्या खांद्यावर हात ठेवून उभं होतं. कागद अजून साहेबाच्या हातात होता. मागून घेता आला असता. मी नमस्कार केला आणि निघालो.

गाडी गावाबाहेर पडल्यावर वडील म्हणाले, "काय लिवलं तू, वाचून दाखव." कागदाचा कच्चा खर्डा माझ्याकडे होता. मी वाचला. शेवटची ओळ ऐकून ते हसले. "जे डोळे गेले त्याईले मान देल्ला. अन् नाक हाय त्याले नाई."

"बाबा, तुमचंच झाकाले लिवलं."

"समजलं मले." बैल चालत राहिले. मग वडील म्हणाले, "म्हंजे त्या कागदात एक डोळस सुतार हाय. तो मी नाई. मंग मी कुठी हाय, लेका?"

त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला आणि गाडीच्या दांडीवर ठेवला. अमरावतीपर्यंत तो तिथेच होता.

घरी पोचलो तेव्हा ते मांडीवाले पाटील दुकानात बसून होते. त्यांना पाचवी खुर्ची हवी होती, आधीच्या चारींच्या रंगाची, आणि नमुन्याला त्यांतली एक उचलून आणली होती. मी सवयीनं पट्ट्या काढल्या. वडील पुढे झाले आणि मोठ्यानं म्हणाले, "पाटील, मले दिसत नाई. तीन सालं झाली. खुर्ची जवळ आना, मले वास घेऊ द्या."

माझ्या हातातल्या पट्ट्या खाली पडल्या. आई दारात येऊन उभी राहिली.

पाटलांनी खुर्ची जवळ सरकवली. "ते तं साऱ्या गावाले माईत हाय," ते म्हणाले. "तुमी मायाशी बोलता तवा मायाकडे पाहता कुठी? पन तुमी सांगून नाई राह्यले, मंग आमी कायले बोलाव? घ्या वास."

अख्खी अमरावती तीन वर्षं आमचं नाटक फुकट बघत होती, आणि तरी रंग जुळवायला आमच्याकडेच येत होती. त्यानंतर वडिलांनी मरेपर्यंत, म्हणजे सात वर्षं, काम केलं. खाटेवर बसून तंबाखू मळलाच नाही. गिऱ्हाइकं त्यांच्यासमोर लाकूड धरत आणि नाकपुड्या फुगवून उभी राहत, जणू वास त्यांनाच घ्यायचा होता. मधेच कापसाचा भाव बसला आणि खुर्च्यांवरून लोक पुन्हा ओट्यावर उतरले, तिथे त्यांना तसंही जास्त बरं वाटत होतं. साहेब सामान बांधून गेला. बाकडं कुठे गेलं मला माहीत नाही.

माझ्या पट्ट्या अजून आहेत. चाळीस वर्षांत सगळ्यांवर धूर आणि हात बसून त्या एकाच रंगाच्या झाल्या आहेत. नव्या गुळाची आणि विसरलेल्या भाकरीची आता कोणालाही ओळख पटणार नाही. मागची अक्षरं तेवढी स्वच्छ वाचता येतात. लिहिलेलं टिकतं, हे खरं. म्हणूनच तो एक कागद मला सलतो. गावाला सगळं ठाऊक होतं. ज्या वडिलांसाठी खोटं लिहिलं त्यांनी स्वतःच खरं सांगून टाकलं. माझं खोटं मात्र गलबतात बसून, ज्या एका माणसाला खरं वाचून हसू आलं असतं आणि तबेला आठवला असता, त्याच्याकडे गेलं. तो म्हातारा उत्तर न कळताच गेला असणार.

तो कागद परत मिळायचा नाही. तेव्हा दुरुस्ती इथेच करून ठेवतो. लाकूड ओक. लोखंड लावू नये. गोठा बंद, बैल दोन, शिळ्या गोमूत्राची मडकी दोन, दिवस अकरा. वर जवसाचं तेल आणि मेण. रंग माझ्या वडिलांनी जुळवला. त्यांना दिसत नव्हतं. नाकानं जुळवला.